वळवात म्हशी गेल्या, माणूस वाचला. असं कसं?

पन्हाळ्याखालचा
आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याला. परवा चारच्या सुमारास वळीव आला, वीज पडली. शेजारच्या काकांच्या दोन म्हशी चिंचेखाली बांधलेल्या, जागच्या जागी गेल्या. काका त्याच झाडापासून थोडं लांब उभे होते. ते नुसते आपटले, पायाला मुंग्या आल्या, आता ठणठणीत आहेत. चिंच उभीच आहे, शेंड्यापासून बुडापर्यंत सालीची एक पट्टी तेवढी सोलून निघालीय.
आता आजीनं लावून धरलंय की काकांचा धाकटा पायाळू, म्हणजे पायाकडनं जन्मलेला, तो रानात होता म्हणून वीज आली. पोरगं कुणासमोर यायला तयार नाही. आजीला पटेल असं कुणीतरी सांगा. आणि आमच्यावर पाऊस तर नंतर आला, मग वीज आधी कशी?

तारेवरचा
आजीला सांगा, मी लाईनमन होतो, उभी हयात खांबावर गेली. आमच्यातले पायाळूही त्याच खांबावर चढायचे आणि संध्याकाळी जेवायला घरी यायचे. पोराचा काही संबंध नाही.
म्हशींचं ऐका. तार तुटून ओल्या रानात पडली की आम्ही तिथनं कसं बाहेर यायचो? दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरनं घासत. तार पडते तिथं जमिनीत व्होल्टेज सगळ्यात जास्त, लांब जाल तसं उतरत जातं. लांब टांग टाकली की दोन पायांमधला फरक अंगातनं वाहतो. वीज पडल्यावर हेच होतं, पण कैक पटीनं. म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत केवढं अंतर, आणि मधे काळीज. माणसात करंट एका पायातनं चढतो, दुसऱ्यातनं उतरतो, काळीज बऱ्याचदा सुटतं. थेट डोक्यावर वीज पडून मरणारे कमीच. जास्त माणसं जमिनीतनं आलेल्या किंवा झाडावरनं बाजूला उडी मारलेल्या करंटनं जातात. काका बुंध्याला टेकून असते तर आज वेगळं लिहावं लागलं असतं.
विजेच्या वाटेत उष्णता ३०,००० अंशांच्या आसपास जाते. सालीखालच्या रसाची क्षणात वाफ होते आणि साल फुटून उडते.
आता पाऊस. वळवाचा ढग १२-१५ किलोमीटर उंच जातो आणि वीज ढगाच्या बुडापासून १० किलोमीटर लांबही पडते, तिथं थेंबही नसतो. म्हणून पावसाची वाट बघायची नाही. चमकलं की मोजायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० मोजायच्या आत गडगडलं की खुरपं तिथंच टाकून पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आपल्याकडं पाऊस उघडला की बायका लगेच भांगलायला जातात, तिथंच घात होतो.

ऊसकरी_कागल
गमबूट असले तर? आणि मोबाईल वीज ओढतो म्हणतात ते?

तारेवरचा
काही किलोमीटर हवा फोडून आलेली वीज तुमच्या अर्ध्या इंच रबराला भीक घालत नाही. मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळं नव्हे, चारी बाजूंच्या पत्र्यामुळं. काचा वर, हात मांडीवर. ट्रॅक्टरवर बसून राहू नका, त्याला टप नाही. मोबाईल वीज ओढत नाही, पण चार्जिंगला लावून कानाला धरू नका. उलट त्यात ‘दामिनी’ टाका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप आहे, जवळपास वीज पडत असली की इशारा येतो.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका. एकापेक्षा जास्त जण पडले असतील तर कण्हणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडं धावा. त्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो, पण लगेच सीपीआर दिला तर तो परत येऊ शकतो. छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. लोक पांघरूण घालून रडत बसतात, त्यात जीव जातो.

पन्हाळ्याखालचा
आजीला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, “लाईनमन म्हणतोय तर असंल.” पोरगं जेवायला बसलं. आता तिचा प्रश्न, रानातल्या पत्र्याच्या खोपीत थांबलं तर चालेल का?

तारेवरचा
खोपीत पाऊस लागत नाही, एवढाच तिचा उपयोग. मोटारीसारखा चारी बाजूंनी बंद पत्रा तिला नसतो, म्हणून विजेला ती आडवी येत नाही आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडून मान कापतो ते वेगळंच. घर लांब असलं आणि काहीच जवळ नसलं तर झाड, खांब, तारेचं कुंपण सोडून खोलगट जागी उकिडवं बसा. पाय जुळवून, आडवं पडू नका. हा अगदी नाइलाजाचा उपाय, भरवशाचा नाही.
आणि काकांना सांगा, जनावरांच्या डॉक्टरांकडनं पोस्टमार्टेम आणि तलाठ्याकडनं पंचनामा झाल्याशिवाय म्हशी पुरू नका. मदतीच्या अर्जाला दोन्ही कागद लागतात.