28 वर्षांनी गावी परत येताय, पण गावातल्या माणसांना विचारलंत का?

बोरीकाठ
परवा या फोरमवर न्यूजर्सीच्या एका अमळनेरकर दादांनी 28 वर्षांनी परतण्याची तयारी लिहिली. एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं बदलायचं, आरएनओआरची, म्हणजे परतल्यावर परदेशी उत्पन्नाला करात सवलत असलेली वर्षं साधायची, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) हातात आहेच, विमा काढायचा. आणि शेवटी एक ओळ : "साडेचार एकरांतला माझा हिस्सा मोजून घेऊन तिथे घर बांधायचं." ते वाचून मला झोप लागली नाही. दादा, त्या रानात तुमचा धाकटा भाऊ राबतो, असं तुम्हीच मागे लिहिलं होतं. या यादीत तो कुठे आहे?

माझे मोठे भाऊ मस्कतहून 22 वर्षांनी परत आले. आठव्या दिवशी मोजणीचा अर्ज. कपाशी बोंडावर आली होती. मोजणीवाले पिकाच्या ओळींतून चालले, फांद्या मोडल्या, मी बांधावर उभा राहून बघत होतो. विहीर मी सोसायटीचं कर्ज काढून खोदली, हप्ते मी फेडले, आता पाणी निम्मं त्यांचं. भाऊ वाईट नाहीत. पण एकदाही "तुझं कसं चाललंय" विचारलं नाही.

न्यूजर्सी_अमळनेर
एका ओळीवरून मला कसाई ठरवलंत. वडलांच्या दोन्ही ऑपरेशनचा खर्च कोणी पाठवला? ट्रॅक्टरचे हप्ते कोणी भरले? ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. वारशानं येईल तेवढीच. मग मी हिस्सा मागायचा नाही तर राहायचं कुठे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये? आईच्या हातची कळण्याची भाकरी गेली, निदान तो ओटा तरी मिळू दे.

रावेरचे_आबा
भांडण बाजूला ठेवा, चुकीची माहिती पसरू नये म्हणून लिहितो. 34 वर्षं बँकेत काढली आहेत. कायमचे परतलात की एनआरई खातं तसंच चालवायचं नाही, बँकेला कळवून रेसिडेंट करून घ्यायचं. परदेशी चलन ठेवायचं तर आरएफसी खातं आहे. आरएनओआर सरसकट मिळत नाही. मागच्या 10 वर्षांतली 9 अनिवासी हवीत, नाहीतर मागच्या 7 वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांच्या आत हवा. अमेरिकेतला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, इथे चालत नाही. आणि जुन्या आजारांना विम्यात 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून तिकडून निघायच्या आधीच पॉलिसी घ्या.

धुळ्याची_लेक
एक मे महिना इथे काढून बघा. 44-45 अंश, त्यात लाईट गेलेली. सगळे डिसेंबरात येतात, भरिताची पार्टी करतात आणि परतायचं ठरवून टाकतात.

सुरतची_ताई
दोन भाऊ अर्धं अर्धं करताहेत. बहिणी मेल्या का? 2005 पासून कायद्यानं मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. वडील त्याआधी वारले असले तरीही, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं.

मला आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी बोलावलं. आमरस, मांडे, वर तुपाची धार. झोक्यावर बसवलं. दोन दिवसांनी गाडीत घालून रजिस्ट्रारकडे नेलं, हक्कसोडीला, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद करायला. मशीनवर अंगठा टेकवला तेव्हा बोटावरची मेंदी ओली दिसावी इतकी लाल होती. कोणी जबरदस्ती केली नाही. विचारलंही नाही.

बोरीकाठ
ताई, हे आमच्यावर घेऊ नका. बहिणीची दोन्ही बाळंतपणं आम्ही केली, भाचीच्या लग्नात मामाचा आहेर कर्ज काढून केला. जमीन तिघांत वाटली तर दीड-दीड एकरावर कोण जगणार?

सुरतची_ताई
आहेराची साडी सातबाऱ्यावर चढत नाही, भाऊ. आणि दीड एकरात जगणं होत नाही हे मला कळतं, मीही शेतकऱ्याचीच मुलगी. ते मला सांगून सही मागितली असती तर हसत दिली असती. तुम्हाला तुमच्या भावानं विचारलं नाही याचा राग येतो ना? तोच राग माझा आहे.

बोरीकाठ
…हे खरं आहे. आवडलं नाही, पण खरं आहे. माझ्या बहिणीची हक्कसोड मीच करून घेतली.

रावेरचे_आबा
धागा परतीच्या तयारीचा होता.

सुरतची_ताई
आबा, हीच तयारी आहे.

न्यूजर्सी_अमळनेर
हिस्सा मी सोडणार नाही, हे आधीच सांगतो. मोजणीचा अर्ज मात्र थांबवला. काल भावाला फोन केला. बोलणं अडखळतच झालं. ठेवताना तो म्हणाला, "कवय येशी?" कधी येशील? इतक्या वर्षांनी कोणी माझ्याशी अहिराणीत बोललं.

ताई, माझी बहीण नंदुरबारला असते. 2011 मध्ये तिची हक्कसोड झाली. "सही घेऊन टाका" हे मीच इथून फोनवर सांगितलं होतं. आता तिला काय बोलू, सुचत नाही.

सुरतची_ताई
आधी तब्येत विचारा. जमिनीचं दुसऱ्या फोनला.