मदत हवी आहे: लघुपटातली 'ती' क्लिप प्रेक्षकाला दाखवावी का?

कडक_भाकरी

मंडळी, नमस्कार. आम्ही काही मित्रमंडळी सोलापुरात एक लघुपट करतोय. वीसेक मिनिटांचा, पैसे आपापल्या खिशातले. पटकथा मी लिहिली आहे. शेवट अजून हातात नाही, पण गाडी अडलीय ती शेवटावर नाही, एका क्लिपवर.

गोष्ट अशी. पूर्व भागातला नववीतला पोरगा. वडील मागावर, आई घरी बिड्या वळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड-उर्दू-मराठी सगळंच, म्हणजे आपलं नेहमीचं सोलापूर. १२ जानेवारीला शाळेत हुतात्मा दिनाचं भाषण. (बाहेरगावच्यांसाठी: १९३० साली इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली. या विषयावरचं भाषण कधी ना कधी केलं किंवा ऐकलं नाही असं सोलापुरी पोर विरळाच.)

पोराने भाषण पाठ केलंय वडिलांच्या कारखान्यात, माग चालू असताना. त्या खडखडाटात आपलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तो तिथे मोकळ्या गळ्याने बोलतो. स्टेजवर मात्र तीन नावं येतात, चौथं येत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा तीनच. मागून कुणीतरी ओरडतं, "चौथा कोण बे?" हशा. पोरगा म्हणतो, "चौथा पण होता," नमस्कार करतो आणि जायला लागतो तो थेट विंगेच्या पडद्यात गुरफटतो.

बस, एवढंच. मारहाण नाही, अश्लील काही नाही. चुलतभावाने ते मोबाइलवर घेतलं, कौतुकानेच. घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथून वर्गाच्या ग्रुपवर गेलं, कुणीतरी खाली संगीत चिकटवलं, रात्रीपर्यंत स्टिकर तयार. आणि लगेच गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. अख्खं शहर होम मैदानावर, पांढऱ्या बाराबंद्या, नंदीध्वज, पाळणे, भज्यांच्या गाड्या. घरच्यांना त्याला यात्रेला न्यायचंच आहे. त्यांना स्टिकरचं काही माहीत नाही. पाळणेवाल्याच्या मोबाइलमध्येही तो स्टिकर आहे. आमची फिल्म घडते ती या चार दिवसांत.

आता अडचण. दिग्दर्शक म्हणतो, क्लिप पहिल्याच मिनिटाला दाखवू, मोबाइलसारखी उभी. लोक हसतील, हसले पाहिजेत, मग पुढची एकोणीस मिनिटं ते हसणं त्यांच्या अंगावर येऊ दे. कॅमेरावाला म्हणतो, कधीच नको, फक्त बघणाऱ्यांचे चेहरे. मला दिग्दर्शकाचं पटायचं, वाचनाला आमचा नट येईपर्यंत. पंधरा वर्षांचा आहे, पहिल्यांदाच काम करतोय. त्याने तो प्रसंग इतका चोख केला की आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हा वाटलं, ही क्लिप खोटी नाही राहणार. फिल्म नेटवर गेली की कुणीही तेवढा तुकडा कापून घेईल, आणि खरोखरचा स्टिकर होईल तो आमच्या नटाचा. पुढे-मागचा संदर्भ कोण बघतं? छळावरची फिल्म करता करता आम्हीच छळाचं साहित्य पुरवायचं का?

दुसरं, वडील पोलीस ठाण्यात जातात असा छोटा प्रसंग आहे. साहेब देवमाणूसही नको आणि खलनायकही नको. प्रत्यक्षात काय होईल ते हवंय. तिसरं, चालू मागाशेजारी संवाद कसे घ्यायचे?

"पोरांना मोबाइलच देऊ नका" हा सल्ला कृपया नको. या पोराकडे मोबाइल नाहीच, आईचा आहे.

होटगी_रोडच्या_बाई

मी चौतीस वर्षं हायस्कूलला शिकवलं. तुमच्या कथेत स्टेजवर शिक्षक कुठे आहेत? असतातच. आणि ते ओठ दाबून हसत असतात. पोराला मुलांचं हसू एक वेळ विसरता येतं, ते नाही.

क्लिपपेक्षा दुसऱ्या दिवशीची शाळा दाखवा. पीटीचे सर रांगेत आकडे म्हणायला लावतात. एक, दोन, तीन, आणि चौथा मुलगा गप्प. तो दुसराच कुणीतरी आहे, पण मुद्दाम गप्प राहतो. सगळी रांग फुटते. सरांना कळत नाही, ते म्हणतात, "अरे, चौथा कोण?" बिचारे खरंच विचारतायत. इथे मोबाइल कुठेच नाही, पण सगळं त्यातलंच आहे.

बघ्या_७७

एवढ्याशा गोष्टीवर फिल्म? आमच्या वेळी स्टेजवर पोरं रडायची, धोतर सुटायचं, कुणाला काही होत नव्हतं. हल्लीची पोरं फार नाजूक.

कडक_भाकरी

@बघ्या_७७ तुमच्या वेळी ते हॉलमधल्या दोनशे लोकांनी पाहिलं आणि संध्याकाळी विसरले. फरक तेवढाच आहे आणि फिल्म त्या फरकावर आहे.

@बाई, रांगेचा प्रसंग मी घेतेय. परवानगी गृहीत धरते!

वकीलीणबाई

पोलीस प्रसंगाबद्दल. तुमच्या क्लिपमध्ये अश्लील काही नाही, म्हणून आयटी कायद्याची ६७, ६७ब ही कलमं लागत नाहीत. खासगी अवयव नाहीत, म्हणून ६६ई नाही. बऱ्याच लोकांना अजून वाटतं की त्रासदायक मेसेजसाठी ६६अ आहे. ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. उरते बदनामी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, आणि तो गुन्हा अदखलपात्र. म्हणजे ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेईल, पावती देईल, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही हे खरं तेच सांगेल. तुमचा प्रसंग यातच आहे. साहेबाने आवाज चढवायचीही गरज नाही. वडिलांच्या हातात कागद येतो आणि त्या कागदाने काहीच होत नाही.

१९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे फोन लावताना दाखवू नका (तुमच्या कथेतलं सालही तेच, हा योगायोग भारी आहे). मुलांसाठी १०९८. व्हिडिओ साइटवर असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार, तिथे दाद नाही मिळाली तर तीस दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे. पण व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर मध्यवर्ती ठिकाणी बसलेला नसतो. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये असतो. तो काढायचा तर एकेकाकडे जाऊन "काढ बाबा" म्हणावं लागेल. मला विचाराल तर तुमचा शेवट इथे कुठेतरी आहे.

आणि नटाबद्दल: पंधराचा आहे म्हणून बालकलाकारांचे नियम थेट लागत नाहीत, ते चौदाच्या आतल्यांसाठी. तरी तेच पाळा. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही. आईवडिलांची संमती लेखी, आणि त्यांना मराठी वाचता येत नसेल तर तेलुगूत वाचून दाखवून.

खटका

मी संकलन करतो, माझं मत कॅमेरावाल्याकडे. पण "फक्त चेहरे" हेही आता फार झालंय, मोबाइलचा निळा उजेड चेहऱ्यावर पाडला की झाली संवेदनशील फिल्म. त्यापेक्षा क्लिप फक्त ऐकवा. रिक्षात, भज्याच्या गाडीमागे, पाळण्याच्या रांगेत, कुठूनही तीन नावं ऐकू येतात आणि हशा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला प्रेक्षक स्वतःच चौथं नाव मनात म्हणायला लागतो. शिवाय तो आवाज तुमच्या नटाचा घेऊच नका, दुसऱ्या कुणाकडून डब करा. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, दोन्ही एकत्र असलेली फ्रेम फिल्ममध्ये नाहीच. मग कापणारा काय कापणार?

कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या एक-पन्नासांशावर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ आहे, नाहीतर कारखान्यातल्या ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकतील. चालू मागाशेजारी संवाद घ्यायच्या भानगडीत पडू नका. मागाचा आवाज वेगळा, लांबून आणि जवळून, भरपूर रेकॉर्ड करून ठेवा आणि संवाद नंतर डब करा. किंवा संवादच काढून टाका. मागावरची माणसं हातवारे करूनच बोलतात की.

एक सुचतंय. पोरगा कारखान्यात चारही नावं ओरडून म्हणतोय, आणि लाइट जाते. माग थांबतात. चौथं नाव सगळ्यांना लख्ख ऐकू येतं.

कडक_भाकरी

@खटका, आवाजाची कल्पना एकदम मान्य, दिग्दर्शकालाही पटवलं (तासभर भांडून). लाइट जाण्याचं मात्र घेत नाही. फार देखणं आहे, टाळ्या पडतील आणि पोरगा सुटल्यासारखा वाटेल. तो सुटत नाही हो. नाव त्याला येतच होतं, प्रश्न नावाचा कधी नव्हताच.

@वकीलीणबाई, तुमचं "एकेकाकडे जाऊन" डोक्यात बसलंय. एनसीचा कागद खिशात घालून बाप गड्ड्यात पाळणेवाल्याकडे जातो. मराठी मोडकी. पोरगा मागे उभा. पाळणेवाला खजील होतो, स्टिकर काढतो, आणि म्हणतो, "माझ्याकडचा काढला मालक, पण मी तो पुढे पाठवलाय." मग बाप विचारतो, कुणाला? आणि पुढच्या गाडीकडे चालायला लागतो. सध्या इथपर्यंत आहे. आत्महत्येकडे फिल्म नेणार नाही, हे आधीच ठरलंय. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला माफी मागायला लावली वगैरेही नाही.

आता उरलेली मदत. साखर पेठ, अशोक चौक किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसी भागात कुणाच्या ओळखीचा मागाचा कारखाना आहे का? जुने धोट्याचे (शटलचे) माग हवेत. अर्धा दिवस पुरे, कामगारांचा खाडा आम्ही भरून देऊ. आणि आवाजासाठी चौदा-पंधरा वर्षांचा, घरी तेलुगू बोलणारा मुलगा. त्याचं नाव श्रेयनामावलीत द्यायचं की नाही, हे तो आणि त्याचे आईवडील ठरवतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेंगाचटणी

माझ्या मेव्हण्याचा कारखाना आहे अशोक चौकाच्या पलीकडे, सहा माग, धोट्याचेच. त्याला विचारलं. म्हणाला, शूटिंग करा, पण माग बंद ठेवायला सांगू नका, टॉवेलची ऑर्डर आहे. म्हटलं त्यांना चालूच पाहिजेत. तर म्हणतो, मग या, फक्त सुताचे कोन भरायचा शेड जुना आहे, पोरांना वर चढवू नका. नंबर व्यनित टाकलाय.