मदत हवी आहे: मृगातला तेजोमेघ आबांना रंगात दाखवायचाय, ८ इंची टेलिस्कोप घ्यावा का कॅमेरा?

नमस्कार मंडळी, यावल तालुक्यातून लिहितोय, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. आबांना नक्षत्रं माझ्यापेक्षा चांगली माहीत पण पेरणीच्या हिशोबाने, मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली अशी. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो म्हणून तेव्हा तो रात्री दिसत नाही आणि डिसेंबरात रात्रभर आभाळात असतो, हे त्यांना सांगितलं तेव्हापासून माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त नाद लागलाय.

आता अडचण अशी की मोबाईलवर त्यांनी एम ४२ चा, म्हणजे मृगातल्या तेजोमेघाचा (तारे जन्मतात त्या वायूच्या ढगाचा) गुलाबी फोटो पाहिला आणि माझ्या १० बाय ५० बायनॉक्युलरमधून बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तोच मेघ पाहिला तर नुसता राखाडी धूर. "हाई काय शे रे, रंग कुठे गेला?" म्हणे. फोटोतला रंग खोटा नाही हे मला माहितीय, मधल्या तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला लाल चमकतो पण अंधारात आपल्या डोळ्याला लाल जवळजवळ दिसतच नाही, ऑक्सिजनचा ५०० च्या आसपासचा हिरवट प्रकाश त्यातल्या त्यात बरा दिसतो. तर ८ इंची डॉबसोनियनमधून (साध्या फिरत्या बैठकीवरचा, ८ इंच आरशाचा टेलिस्कोप) तो हिरवटपणा खरंच जाणवतो का? आबांचं वय सत्तरच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, या वयात बाहुली अंधारात तेवढी मोठी होत नाही म्हणतात, म्हणून त्या वयाच्या माणसाला कुणी दाखवलं असेल तर त्यांचा अनुभव सांगा, तो मला जास्त कामाचा आहे.

दुसरा पर्याय जुना डीएसएलआर कॅमेरा. पण सेन्सरपुढचा फिल्टर नेमका तो लाल प्रकाशच बराचसा अडवतो ना? तो फिल्टर न बदलता ५० एमएम लेन्सवर काही गुलाबी येईल का? ट्रॅकर (आभाळाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर पाच-सहा सेकंदांपुढे तारे लांबट होतात, आणि ट्रॅकर लावायचा तर त्याचा नेम ध्रुवाकडे धरावा लागतो, पण ध्रुव आमच्याकडे जेमतेम २१ अंशांवर, तो बांधावरच्या निंबांआड जातो. ध्रुव न दिसता ट्रॅकर कसा लावायचा हे कुणी नीट सांगेल का?

जागेचंही विचारायचंय. शेतातून दक्षिणेला भुसावळ-जळगावचा उजेड आहे, मृग बराच वर, साधारण ६४ अंशांपर्यंत चढतो म्हणून निभतं, पण धनु राशीतला लगून तेजोमेघ ४५ च्या वर येत नाही, तो पार उजेडात बुडतो. जानेवारीच्या अमावास्येला कुठे जावं, सातपुड्यातलं पाल गाव का तोरणमाळ? तोरणमाळ उंच आहे, अंधारही चांगला असणार, पण आबांना घाटातून तेवढं लांब नेणं आणि रात्रीची थंडी, त्यामुळे पालकडेच मन ओढतंय. तिथे रात्री उघड्यावर थांबता येतं का, जंगल खात्याची परवानगी लागते का, जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा. बजेट एकाच वस्तूचं आहे, आणि घ्यायची ती आबांनी स्वतः डोळा लावून बघावी म्हणून, त्यामुळे माझा कल टेलिस्कोपकडे आहे. चुकत असेन तर आत्ताच अडवा, कापसाचे पैसे आले की लगेच ऑर्डर टाकणार आहे.