यूएसबी ड्रायव्हरमध्ये आयसोक्रोनस घालायचं का, आणि घालायचं तर कुठवर?

टायमर_तात्या (धागाकर्ता):

आम्ही काही जण मिळून मायक्रोकंट्रोलरसाठी एक छोटा यूएसबी डिव्हाइस ड्रायव्हर सांभाळतो. एसटीएम३२एफ१०३ आणि एफ४०१ या चिपवर तो पक्का चालतो, एनआरएफ५२८४० या चिपवर काम सुरू आहे. यूएसबीवर डेटा नेण्याचे चार प्रकार, त्यातले आत कंट्रोल, बल्क आणि इंटरप्ट एवढेच आहेत. मध्यंतरी एक पॅच (सुचवलेला कोडबदल) आला. एंडपॉइंट (डिव्हाइसमधला डेटाच्या ये-जा करण्याचा क्रमांकित कप्पा) उघडण्याच्या फंक्शनमध्ये आयसोक्रोनस (आवाजासारखा अखंड प्रवाह ठरल्या वेळी नेणारा) हा चौथा प्रकार, त्यासाठी रजिस्टरमधले योग्य ते बिट, आणि कमाल पॅकेट ६४ बाइटवरून १०२३. पॅच नीटनेटका आहे. एफ१०३ वर मायक्रोफोनचं उदाहरण चालतंसुद्धा. तरी तो आहे तसा आत घ्यायला माझा विरोध आहे. आमच्यातच यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

बल्क आणि इंटरप्टमध्ये ड्रायव्हरचं वचन सरळ असतं: बफर द्या, पोचवतो, पोचला की सांगतो. होस्टचा (समोरच्या संगणकाचा) अ‍ॅक, म्हणजे पोच, आला नाही तर तेच पॅकेट पुन्हा जातं. आपल्याकडे डेटा नसेल तर हार्डवेअर नॅक ('आत्ता काही नाही') देऊन वेळ मारून नेतं. आयसोक्रोनसमध्ये अ‍ॅक नाही, नॅक नाही, पुन्हा पाठवणं नाही. सीआरसी (चूक ओळखण्याचा तपासणीचा आकडा) आहे, पण तो चुकला की पॅकेट गेलंच समजायचं. बदल्यात होस्ट दर १ मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये तुमची जागा राखून ठेवतो. म्हणजे 'काम झालं' हा आपला कॉलबॅक इथे फक्त 'तारेवर गेलं' एवढंच सांगतो. नाव तेच आणि अर्थ वेगळा, हे मला खटकतं.

एफ१०३ वर आयसोक्रोनस एंडपॉइंटला दोनच अवस्था, चालू किंवा बंद. डबल बफर, म्हणजे आळीपाळीने वापरायचे दोन बफर, सक्तीचा. पॅकेट गेलं की हार्डवेअर आपणहून दुसऱ्या बफरकडे वळतं आणि एंडपॉइंट चालूच राहतो. तुमच्या कोडला उशीर झाला तर दोन फ्रेमपूर्वीचं शिळं पॅकेट पुन्हा जातं. कुठेही एरर नाही, फक्त आवाजात खरखर. एफ४०१ ची तऱ्हा वेगळी. तिथे हे पॅकेट सम फ्रेमसाठी की विषम फ्रेमसाठी, हे आधी सांगावं लागतं. चुकलं तर पॅकेट फिफोमध्ये (चिपमधल्या रांगेत) बसून राहतं आणि 'अपूर्ण आयसोक्रोनस' असा इंटरप्ट (प्रोसेसरला मिळणारी सूचना, वरचा इंटरप्ट प्रकार नव्हे) येतो. तो कुणी पाहिला नाही, फिफो रिकामा करून उलट्या फ्रेमसाठी पुन्हा भरला नाही, तर माइक मुका. आणि एनआरएफ५२८४० वर आयसोक्रोनसला ८ क्रमांकाचा एकच एंडपॉइंट मिळतो, होस्टकडून येण्याचा एक आणि होस्टकडे जाण्याचा एक. तिथे 'कुठलाही एंडपॉइंट, प्रकार आयसोक्रोनस' ही भाषाच चालत नाही.

मला हवंय ते असं: प्रत्येक पॅकेटबरोबर फ्रेम क्रमांक मिळावा, फ्रेम हुकली तर वेगळी सूचना यावी, आणि ऑल्टरनेट सेटिंग (होस्टने निवडायची एंडपॉइंटांची पर्यायी मांडणी) बदलल्यावर एंडपॉइंट बंद-चालू करता यावा. हे आधी. प्रकाराचा बिट नंतर.

रीड_ट्यूनर:

पॅच माझाच. पेटीच्या स्वरांची जुळणी तपासायला छोटा यूएसबी माइक बनवतोय, त्यासाठी लिहिला. तात्या, तुमचे मुद्दे खरे आहेत, पण शिळ्या पॅकेटचा इलाज दोन ओळींचा आहे. पॅकेट गेल्यावर त्या बफरची लांबी शून्य करायची. मग उशीर झाला तर रिकामं पॅकेट जाईल, खरखर नाही. पुढच्या आवृत्तीत करतो.

बाकी सगळं 'आधी' म्हणालात की ते कधीच होत नाही. ऑल्टरनेट सेटिंगची चर्चा या ड्रायव्हरमध्ये मी आलो तेव्हापासून ऐकतोय. 'प्रायोगिक' असा शिक्का मारून आत घ्या, लोक वापरतील, तक्रारी येतील, त्यावरून एपीआय (वापरायच्या फंक्शनांची रचना) घडेल.

बल्कराव:

दोघांनाही विचारतो, आयसोक्रोनस हवंच कशाला?

यूएसबीच्या फुल स्पीड या वेगावर एका फ्रेममध्ये ६४ बाइटची १९ बल्क पॅकेटं बसतात. म्हणजे मिलिसेकंदाला १२१६ बाइट. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ आवाजाला लागतात १९२. सहापट जागा, वर अ‍ॅक, वर एकही बाइट हरवत नाही. मोजमापाचं यंत्र बनवणाऱ्याला हरवलेला डेटा नकोच असतो. पेटीला मिडी (स्वरांच्या सूचना पाठवायची पद्धत) जोडा, ती बल्कवर चालते. कॅमेऱ्याच्या यूव्हीसी क्लासमध्येही (क्लास म्हणजे त्या जातीच्या उपकरणांचे ठरलेले नियम) बल्क चालतं. जे तीन प्रकार पक्के आहेत त्यावर नव्वद टक्के लोकांचं भागतं. उरलेल्यांनी तयार मोठा स्टॅक (यूएसबीचा पूर्ण कोड) घ्यावा. टायनीयूएसबीमध्ये आयसोक्रोनससाठी वेगळी फंक्शनं आहेत, झेफरमध्ये यूएसी२ (ऑडिओ क्लासची दुसरी आवृत्ती) आहे. आपण छोटे आहोत म्हणून लोक आपल्याकडे येतात.

रीड_ट्यूनर:

राव, बल्कवरून आवाज पाठवला तर समोर वाचणार कोण? यूएसबी ऑडिओ क्लासमध्ये आवाजाचा प्रवाह आयसोक्रोनसच लागतो, १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून. म्हणूनच विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड यांतलं काहीही असो, माइक लावला की ओळखला जातो. बल्क केलं की होस्टवर माझं सॉफ्टवेअर आलं, आणि ते चार प्रणालींसाठी सांभाळणं आलं. पेट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी लिबयूएसबी (यूएसबीशी थेट बोलणारी लायब्ररी) बसवायला सांगू?

आणि १२१६ हा आकडा बस मोकळी असतानाचा. बल्कला उरलंसुरलं मिळतं. शेजारी पेनड्राइव्हवर कॉपी सुरू झाली की तुमची सहापट जागा कुठे जाते ते पाहा.

बल्कराव:

पेनड्राइव्ह हाय स्पीड असतो, त्याचा हिशेब वेगळा. पण क्लासचा मुद्दा मान्य. ऑडिओ हवाच असेल तर आयसोक्रोनसला पर्याय नाही. माझा प्रश्न 'आपल्या ड्रायव्हरमध्ये का' हा होता, तो तसाच आहे.

नवखा_सोल्डर:

मध्येच बोलतो. मला वाटायचं आयसोक्रोनस म्हणजे रिझर्वेशन असलेली एसटी, भरली नाही तरी वेळेला सुटते. मग ४८ किलोहर्ट्झला दर फ्रेमला ४८ नमुने, इतकं सोपं असताना भांडण कसलं? आणि मी डिस्क्रिप्टरमध्ये (डिव्हाइस होस्टला स्वतःची माहिती देतं त्यात) कमाल पॅकेट १०२३ लिहून ठेवलंय, म्हणजे पुढे काही वाढलं तर अडायला नको. बरोबर ना?

बल्कराव:

एसटी आणि वेळेला? कुठल्या डेपोची हो?

टायमर_तात्या:

नवखा, आधी १०२३ काढा. होस्ट जागा राखतो ती तुम्ही डिस्क्रिप्टरमध्ये लिहिलेल्या आकड्यावरून, प्रत्यक्ष पाठवता त्यावरून नाही. फुल स्पीडची अख्खी फ्रेम १२००० बिटांची, म्हणजे १५०० बाइट, तीही सगळे वरखर्च धरून. त्यातलं ९० टक्क्यांपर्यंतच आयसोक्रोनस आणि इंटरप्टला देता येतं. १०२३ मागणारी दोन उपकरणं एका फुल स्पीड बसवर कधीच नांदणार नाहीत, दुसऱ्याला होस्ट नकार देईल. ऑडिओत ऑल्टरनेट सेटिंग शून्यवर आयसोक्रोनस एंडपॉइंट ठेवत नाहीत तेही याचसाठी. माइक कुणी वापरत नसेल तेव्हा जागा अडवून बसायचं नाही.

आता ४८ चं. तुमचा नमुने घेणारा क्रिस्टल (घड्याळ) वेगळा, होस्टची फ्रेम मोजणारा वेगळा. दोघांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे सेकंदाला २.४ नमुने. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ७२०, म्हणजे १५ मिलिसेकंद. बफर हळूहळू भरत जातो किंवा आटत जातो, आणि केव्हातरी कट्ट असा आवाज येतो. माइकला हे त्यातल्या त्यात सोपं. घड्याळ आपलं, म्हणून एखाद्या फ्रेममध्ये ४७ पाठवा, एखाद्यात ४९, होस्ट सांभाळून घेतो. ४४.१ ला तर मुळातच नऊ फ्रेममध्ये ४४ आणि दहावीत ४५ जावे लागतात. स्पीकरला मात्र उलट. पाठवणारा होस्ट, वाजवणारे आपण. मग फीडबॅक एंडपॉइंट लागतो. 'मला फ्रेममागे नक्की इतके नमुने हवेत' असं तीन बाइटमध्ये सांगायचं, खालचे १४ बिट अपूर्णांकाचे. बरोबर ४८ असतील तर आकडा ७८६४३२. तो मोजायला फ्रेमची सुरुवात ड्रायव्हरने वर कळवावी लागते. म्हणून माझा हट्ट.

मावशी_एफपीजीए:

इतका वेळ नुसती वाचत होते. तुम्ही तिघं तत्त्वावर भांडताय, आणि घोडं पेंड खातंय ते मेमरीपाशी.

एफ१०३ मध्ये पॅकेटसाठी एकूण मेमरी ५१२ बाइट. (तीही चिपमधल्या कॅन या दुसऱ्या बसबरोबर वाटून, त्यामुळे कॅन आणि यूएसबी एकाच वेळी नाहीच.) आता हिशेब करा. कुठला बफर कुठे ते सांगणाऱ्या टेबलमधली प्रत्येक एंडपॉइंटची नोंद ८ बाइट. कंट्रोल आणि एक ऑडिओ मिळून १६. कंट्रोल एंडपॉइंट आपल्या ड्रायव्हरमध्ये ६४ चा पक्का बांधलाय, दोन्ही दिशांचे १२८. उरले ३६८. स्टीरिओ माइकला डबल बफर १९२ चे दोन, ३८४. सोळा बाइट कमी पडतात. शिवाय तात्यांचे ४९ नमुने पाठवायचे तर बफर १९६ चा हवा. रीड_ट्यूनर, तुमचं उदाहरण चालतं कारण ते मोनो आहे.

स्पीकर करून बघा. एखाद्या फ्रेममध्ये एक नमुना जास्त येणार, म्हणून कमाल १९६ बाइट. पण होस्टकडून येणाऱ्या बाजूला ६२ च्या वर बफरची लांबी ३२ च्या पटीत द्यावी लागते, म्हणजे २२४. दोन बफर ४४८. फीडबॅकला वेगळा एंडपॉइंट, तोही डबल बफर, ४ आणि ४ मिळून ८. टेबल आता तीन नोंदींचं, २४. कंट्रोल १६ वर आणला तर ३२. बेरीज बरोबर ५१२. बसतं, पण एक बाइटही उरत नाही. कीबोर्डसाठी जास्तीचा एक एंडपॉइंट हवा म्हणालात तर रामराम.

म्हणून पॅचमध्ये 'कमाल १०२३' असं जे लिहिलंय ते या चिपवर थापच आहे. दोन बफर मिळून २०४६ होतात. आणि तात्या, तुमच्या फ्रेम क्रमांकानेही हे सुटत नाही. डिव्हाइस सुरू होतानाच सगळ्या ऑल्टरनेट सेटिंग बघून सर्वांत मोठ्या बफरची जागा राखली पाहिजे, आणि मावत नसेल तर तिथेच स्पष्ट एरर दिली पाहिजे. जागा एकदा राखायची, चालू-बंद हवं तितक्या वेळा करायचं. टायनीयूएसबीने राखणं आणि चालू करणं ही फंक्शनं वेगळी ठेवली आहेत, ती उगाच नाही.

रीड_ट्यूनर:

मावशी, ५१२ चा हिशेब पटला. १०२३ ची मर्यादा काढतो, चिपप्रमाणे ठरू दे. कंट्रोलचा ६४ बदलता यावा यासाठी वेगळा छोटा पॅच देतो, तो तरी लगेच घ्या.

पण एक सांगा. एफ४०१ चं सम-विषम, एनआरएफचा ८ नंबर, स्पीकरचं फीडबॅक, या सगळ्याचं ओझं माझ्या माइकवर का? मला एफ१०३ वर फक्त जाणारा प्रवाह हवाय. त्याला ना फीडबॅक लागत ना सम-विषम.

टायमर_तात्या:

कारण फंक्शन एकच आहे. एफ४०१ वाला माणूस तेच बोलावणार, ते 'ठीक' म्हणणार, आणि माइक मुका राहणार. मग तो इथे विचारायला येणार, तुम्हाला नाही.

माझ्याकडून एवढं: एफ१०३ वर, फक्त जाणारा प्रवाह, न भरलेल्या बफरची लांबी शून्य, आणि बाकी दोन्ही चिपवर 'आधार नाही' अशी एरर. हुकलेल्या फ्रेमची सूचना मात्र पहिल्याच दिवसापासून हवी. नंतर घातली तर वापरणाऱ्या सगळ्यांचा कोड मोडेल.

बल्कराव:

हे असंच सुरू होतं. आज जाणारा, उद्या येणारा, परवा फीडबॅक, तेरवा कुणीतरी म्हणणार वेबकॅम. फ्लॅशमध्ये बल्कवाल्यांनी या कोडचा भार का उचलायचा? निदान कंपाइल करताना पूर्ण वगळता आला पाहिजे. तेवढं असेल तर माझा विरोध मागे नाही, पण आवाज खाली.

मावशी_एफपीजीए:

वगळता येणं हवंच. पण चाचणी कशी, हे कुणीच बोललं नाही. 'गाणं ऐकलं, छान वाटलं' ही चाचणी नाही, हुकलेली एखादी फ्रेम कानाला कळतेच असं नाही. लिनक्समध्ये यूएसबीटेस्ट मॉड्यूल आहे, त्यात १५ आणि १६ क्रमांकाच्या चाचण्या आयसोक्रोनस लिहिण्या-वाचण्याच्या. आपल्या बाजूला लिनक्समधल्या गॅजेट झीरोसारखं नुसतं डेटा देणारं-घेणारं उदाहरण लिहावं लागेल. माइकच्या आधी ते. सोबत मुद्दाम इंटरप्ट थोडा वेळ बंद ठेवून फ्रेम हुकवायची आणि सूचना येते का ते बघायचं. ही चाचणी नसेल तर तात्यांची सूचना कागदावरच राहील.

रीड_ट्यूनर:

जाणाऱ्या बाजूचं, म्हणजे १६ चं, उदाहरण लिहितो. १५ नाही, येणारा प्रवाह मी करतच नाहीये. हुकलेल्या फ्रेमची सूचना घालतो, पण एफ१०३ वर ती कशावरून द्यायची ते तात्यांनी सांगावं. हार्डवेअर तसा इंटरप्ट देत नाही. फ्रेम क्रमांकाची वजाबाकी करायची म्हटलं तर तो ११ बिटांचा, २०४८ फ्रेमनंतर पुन्हा शून्य.

टायमर_तात्या:

वजाबाकीच. ११ बिटांचा मास्क लावा (खालचे ११ बिटच ठेवा), फरक १ पेक्षा जास्त आला की सूचना. इंटरप्ट सलग दोन सेकंद अडकून राहिला तर मोजणी चुकेल, पण तेव्हा फ्रेमपेक्षा मोठं काहीतरी बिघडलेलं असेल.

बल्कराव:

आणि वगळण्याचा मॅक्रो?

रीड_ट्यूनर:

घालतो हो. मूळ अवस्थेत बंद.

टायमर_तात्या:

बंद नको. बंद ठेवलं तर बिल्ड सर्व्हरवर ते कधी कंपाइलच होणार नाही.

बल्कराव:

झालं, पुन्हा सुरू.