पर्वरी की ताळगाव? फ्लॅटचा टोकन देण्याआधी विचारतोय

फोंडेकर:
फोंड्याहून रोज जाऊन-येऊन वैतागलोय. बायको गोमेकॉत (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज), माझं ऑफिस पणजीत. दोन महिने फ्लॅट बघतोय, ज्या पैशात पर्वरीला टू बीएचके, वर पार्किंग, तेवढ्यात ताळगावला वन बीएचके आणि खिडकी उघडली की समोरच्यांची दोरीवरची कापडं. माझं मत पर्वरी. कोण काय म्हणतं?

ताळगावचो:
माझा साफ विरोध. वहिनींची ड्युटी बांबोळीला ना, मग मध्ये मांडवी नदी कशाला घालता? आमच्याकडून युनिव्हर्सिटीच्या पठारावरून गेलं की आलंच गोमेकॉ. तुम्ही बसा पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ खात.

पर्वरीवाली:
धूळ आहे, नाही कोण म्हणतंय. पण मांडवीवरच्या नव्या पुलावरून, अटल सेतूवरून, मेरशीकडे उतरलं की पणजीत शिरायचंच नाही, थेट बांबोळी. आणि ताळगाव म्हणजे पणजी असं दाखवून दर लावतात, आहे ती पंचायतच, महापालिका नाही!

ताळगावचो:
पंचायत तर पर्वरीतपण आहे. टँकरचं सांगा की. मे महिन्यात किती मागवले?

पर्वरीवाली:
मागवले, खोटं कशाला बोलू. पण तुमचं पाणी ओपाच्या जलप्रकल्पाचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला त्याची पाइपलाइन फुटली तेव्हा माझी पणजीची आत्ये बादल्या, कपडे, नातू सगळं घेऊन आमच्याकडे आंघोळीला आली होती.

जुना गिऱ्हाईक:
भांडा निवांत. फोंडेकर, रिसेलचा असेल तर आधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा, कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे का बघा, जमीन बिगरशेती केल्याची सनद आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मागा. आणि विकणाऱ्याच्या बायकोची सही लागते हां, आपल्या गोव्यात कायदाच तसा. आमच्या वेळी ती मस्कतला होती, सहीपायी चार महिने गेले, तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही भरत होतो. बरं, वहिनी गाडीने जातात की स्कूटरने?

फोंडेकर:
स्कूटरने. का?

जुना गिऱ्हाईक:
अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे बाबा.

ताळगावचो:
😄😄

पर्वरीवाली:
जुन्या पुलावरून जाता येतं की!! पण हो, पणजीतून जावं लागेल, सकाळी वैताग आहे तो.

फोंडेकर:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बघायला गेलो तेव्हा कार होती ना. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते टोकन थांबव, सोमवारी ड्युटीच्या वेळेला पर्वरीहून स्कूटर काढू, आणि मागे तू बसायचं.