केसॅन (मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारा तपासनीस) लावला की दोष दिसत नाही. ग्राहकाकडच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) कोणत्या तपासण्या परवडतात?

प्रश्न

नमस्कार. एका नेटवर्क कार्डासाठी मी लिनक्सचा ड्रायव्हर लिहीत आहे. यंत्र एक्स८६ असून मेमरी ४ जीबी आहे. एक प्रोग्राम आकडेवारी वाचत असताना दुसऱ्याने कार्डाच्या सेटिंग्ज बदलल्या, तर आठवड्यातून एखाद्या वेळी कर्नल ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देतो. मुक्त केलेली मेमरी वापरली जात असावी, असा माझा कयास आहे. केसॅन लावून वेगळा कर्नल बांधला, तेव्हा वेग निम्म्याहून खाली आला आणि पंधरा दिवसांत ऊप्स एकदाही आला नाही. मग ग्राहकाला जाणाऱ्या कर्नलमध्येच काही तपासणी कायम ठेवावी का, आणि ती किती महाग पडेल?

उत्तर १

केसॅन ग्राहकाकडे पाठवू नये. तो दर ८ बाइटांमागे १ बाइट नोंदीसाठी राखतो, म्हणजे तुमच्या ४ जीबीपैकी सुमारे ५१२ एमबी तिथेच गेले. शिवाय मेमरीच्या जवळजवळ प्रत्येक वाचन-लेखनाआधी कंपायलर तपासणीचा कोड घालतो. त्याऐवजी ५.१२ आवृत्तीपासून (२०२१) आलेला केफेन्स हा हलका तपासनीस ठेवा. मूळ मांडणीत तो दर १०० मिलिसेकंदांनी एखादेच मेमरी-वाटप पहाऱ्यातल्या पानावर (मेमरीच्या तुकड्यावर) नेतो आणि त्याला सुमारे २ एमबी पुरतात, त्यामुळे वेगातला फरक सहसा जाणवत नाही.

उत्तर २

केफेन्स ठेवायला हरकत नाही, पण या दोषासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. सेकंदाला फार तर १० वाटपे त्याच्या पहाऱ्यात जातात. पॅकेटांच्या गर्दीत तुमची सेटिंग्जची रचना नेमकी त्यांत सापडणे म्हणजे लॉटरी. हजारो यंत्रांवर ही लॉटरी कधीतरी लागते, टेबलावरच्या एका यंत्रावर बहुधा नाही.

केसॅन आणि केफेन्स ही दोन्ही साधने अपघात प्रत्यक्ष घडल्यावरच बोलतात. लॉकडेप (कुलुपांचे, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या खुणांचे, नियम तपासणारा भाग), जो २००६ साली २.६.१८ मध्ये आला, तो नियम मोडला की बोलतो: दोन कुलुपे एकदा उलट क्रमाने घेतलेली दिसली की प्रत्यक्ष कोंडी होण्याची वाट न पाहता इशारा देतो. आरसीयूसाठीही (वाचणाऱ्यांचे काम संपेपर्यंत जुनी मेमरी मुक्त न करण्याच्या पद्धतीसाठी) त्यात तशीच तपासणी आहे. सेटिंग्जचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आरसीयूने सांभाळलेला असेल, तर प्रूव्ह लॉकिंग (लॉकडेपची ही तपासणी) चालू करून आकडेवारी एकदा वाचा. आणखी एक विचारतो: दोन्ही कर्नलांची प्रीएम्प्शनची (चालू काम मध्येच थांबवून दुसरे चालवण्याची) मांडणी सारखीच होती का?

उत्तर ३

मूळ प्रश्न ग्राहकाकडच्या कर्नलचा आहे, म्हणून थोडे त्याबद्दल. एफट्रेस (कोणती फंक्शने चालली हे नोंदणारा) निर्धास्त ठेवा. तो बंद असताना फंक्शनच्या आरंभीची हाक काहीच न करणाऱ्या सूचनेने बदललेली असते. स्टॅक उलगडण्यासाठी (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली हे शोधण्यासाठी) फ्रेम पॉइंटरऐवजी ४.१४ पासूनचा ओआरसी घ्या, कारण फ्रेम पॉइंटरमुळे काही कामांत ५ ते १० टक्के वेग गेल्याचे मोजले गेले आहे, आणि ओआरसी त्याबदल्यात २ ते ४ एमबी मेमरी मागतो. लॉकडेप मात्र प्रयोगशाळेतच असू द्यावा. प्रत्येक कुलपाची नोंद ठेवण्याचा खर्च तुमच्या पॅकेटांना सोसणार नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. प्रूव्ह लॉकिंग लावून आकडेवारी वाचली आणि पहिल्याच वाचनाला संशयास्पद आरसीयू वापराचा इशारा आला. त्या मार्गावर पॉइंटर घेण्याआधी आरसीयूचे वाचन-कुलूप घ्यायला मी विसरलो होतो.

प्रीएम्प्शनचा प्रश्नही वर्मी लागला. केसॅनचा कर्नल मी जुन्या मांडणीवरून बांधला होता आणि त्यात प्रीएम्प्शन पूर्ण बंद होते. तिथे वाचणारे काम मध्येच बाजूला काढले जात नाही, आणि त्या प्रोसेसरवर काम बदलल्याशिवाय आरसीयूचा थांबा (मेमरी मुक्त करण्याआधीची वाट) संपत नाही, त्यामुळे कुलूप नसूनही मेमरी वाचन संपेपर्यंत टिकत होती. पंधरा दिवस मी केसॅनच्या संथपणाला दोष देत होतो; प्रत्यक्षात त्या कर्नलमध्ये हा ऊप्स येणेच शक्य नव्हते. आता ग्राहकाच्याच मांडणीवर केसॅन चढवून चाचणी पुन्हा लावली आहे.