पाण्याखालच्या छायाचित्रणासाठी आधी हाउसिंग ठरवावे की कॅमेरा?

तळठाव

पाण्याखाली छायाचित्रे काढू पाहणारे बहुतेक जण आधी मनाजोगता कॅमेरा घेतात आणि मग त्याला बसणारे जलरोधक हाउसिंग शोधत फिरतात. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. हाउसिंग म्हणजे कोणताही कॅमेरा ठेवता येईल अशी पेटी नव्हे. ते एकाच मॉडेलच्या मापाने घडवलेले असते, त्यातील प्रत्येक दांडी आणि कळ त्या कॅमेऱ्याच्या ठरावीक बटणावर टेकते आणि त्याच मालिकेतील पुढचे मॉडेल दोन मिलिमीटरने जाड निघाले तर जुने हाउसिंग निरुपयोगी ठरते. माझ्या एका सहकाऱ्याने उत्तम मिररलेस (आत आरसा नसलेला, भिंगे बदलता येणारा) कॅमेरा घेतल्यावर त्याच्या लक्षात आले की त्या मॉडेलसाठी हाउसिंग कोणीच बनवत नाही. तो कॅमेरा आजही जमिनीवरच आहे.

दुसरे कारण दाबाचे. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणजे ३० मीटर खोलीवर हाउसिंगच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आतल्यापेक्षा सुमारे ३ किलोग्रॅम अधिक भार येतो आणि तळहाताएवढ्या मागच्या झाकणावर तो सहज दोन-अडीचशे किलोपर्यंत जातो. हा भार पेलते ते हाउसिंग, आणि पाणी अडवते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची रबरी ओ-रिंग. तिच्यावर डोक्याचा एक केस आडवा पडला तरी त्याच्या कडेने पाणी वाट काढते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी मी ओ-रिंग विजेरीच्या तिरप्या प्रकाशात बोटांतून फिरवून पाहतो, निर्मात्याने सांगितलेलेच ग्रीस आणि तेही केवळ चमक येईल इतकेच लावतो, आणि त्या वेळी कोणी बोलायला आले तर उत्तर देत नाही.

तेव्हा कोणत्या खोलीवर जायचे, काय टिपायचे, प्रवासात किती वजन उचलायचे हे आधी ठरवावे, त्याला साजेसे हाउसिंग निवडावे आणि त्यात जो कॅमेरा बसतो तो घ्यावा, मग तो दोन पिढ्या जुना असला तरी चालेल. विरोधी मते वाचायला आवडतील.

निळी शाई

तळठाव यांचा मुद्दा गैरसोयीबद्दल असेल तर मान्य आहे, परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. छायाचित्र कॅमेरा काढतो. पाण्याखाली प्रकाश कमी, पाणी गढूळ आणि मासा एका जागी थांबत नाही. अशा वेळी मोठा सेन्सर आणि डोळ्याचा माग काढणारा ऑटोफोकस यांनी जो फरक पडतो तो सर्वोत्तम ॲल्युमिनियमच्या हाउसिंगनेही भरून निघणार नाही. दोन पिढ्या जुन्या कॅमेऱ्याचा फोकस अंधाऱ्या कपारीत पुढेमागे चाचपडत राहतो आणि तेवढ्यात ईल डोके आत ओढून घेते. हे मी एकदा नव्हे, अनेकदा अनुभवले आहे.

शिवाय आपल्यापैकी बहुतेकांचा कॅमेरा वर्षातले फार थोडे दिवस पाण्यात असतो आणि उरलेले दिवस जमिनीवर. केवळ त्या थोड्या दिवसांसाठी मनाविरुद्ध कॅमेरा वापरत राहणे हा कसला व्यवहार? प्रचलित मॉडेलांपैकी एक निवडले की त्याला हाउसिंग मिळतेच. आपल्या सहकाऱ्याची चूक कॅमेरा आधी घेण्याची नव्हती, चौकशी न करता घेण्याची होती.

मासोळी

आपण दोघेही ज्या नवशिक्याला सल्ला देत आहात तो अजून पाण्यात नीट तरंगायलाही शिकलेला नाही, हे कोणी लक्षात घेणार आहे का? ज्याला श्वासावर ताबा ठेवून एका पातळीवर स्थिर राहता येत नाही, त्याच्या हाती दोन्ही बाजूंना दिव्यांच्या दांड्या पसरलेली अवजड यंत्रणा दिली तर तो छायाचित्राच्या नादात प्रवाळावर गुडघे टेकतो. वर्षानुवर्षे वाढलेली फांदी एका क्षणात मोडते. (हे मी दुसऱ्यांबद्दल लिहिते आहे असे समजू नये. माझ्या दुसऱ्याच डुबकीत मार्गदर्शकाने माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला होता आणि ते योग्यच होते.)

माझे मत असे की सुरुवात मुळात जलरोधक असलेल्या लहान कॅमेऱ्यानेच करावी. ओएम सिस्टिमचा टीजी-७ हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो आणि भिंगापासून अवघ्या १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. शिंपल्याएवढ्या समुद्री गोगलगायीच्या शिंगांवरील ठिपके मी त्याच मालिकेतील कॅमेऱ्याने टिपले आहेत. डायव्हिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत उतरता येते, म्हणजे शेवटचे ३ मीटर तो उघडा नेता येत नाही. म्हणून मी ४५ मीटरचे हाउसिंगही घेतले. त्याचा खरा लाभ असा की हाउसिंगमध्ये पाणी शिरले तरी आतला कॅमेरा स्वतःच जलरोधक असल्यामुळे सहसा वाचतो. हे संरक्षण मिररलेसला कुठे आहे?

तळठाव

मासोळी यांचा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो माझ्या मूळ लेखनात यायला हवा होता. त्या लहान कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे आणि त्यात शटरचा वेग स्वतंत्रपणे ठरवता येत नाही, या मर्यादा जाणून घेतल्यास नवशिक्यासाठी त्याहून सुरक्षित निवड मला सुचत नाही.

निळी शाई यांनी मात्र पोर्टचा, म्हणजे हाउसिंगच्या पुढच्या काचेचा, विचारच केलेला नाही. पोर्ट सपाट असेल तर पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि भिंगाची दृष्टी सुमारे एक चतुर्थांशाने आखडते. २८ मिलिमीटरचे भिंग ३७ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागू लागते. सूक्ष्म विषयांसाठी हे सोयीचे, पण विस्तृत दृश्यासाठी नव्हे. त्यासाठी घुमटाकार पोर्ट लागतो आणि तिथे वेगळीच गंमत होते: घुमट स्वतःच भिंगासारखा वागून समोरच्या दृश्याची आभासी प्रतिमा अगदी जवळ उभी करतो. घुमटाची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर अनंतावरचे दृश्यही काचेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असल्यासारखे दिसते, म्हणजे इतक्या जवळ फोकस न करणारे भिंग जमिनीवर कितीही नावाजलेले असले तरी तिथे कुचकामी ठरते. ही प्रतिमा वक्रही असते. म्हणून फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात कोपरे नितळ येण्यासाठी भिंगाचे छिद्र एफ ८ ते एफ ११ पर्यंत लहान करावे लागते. मग मोठ्या सेन्सरमुळे कमी प्रकाशात मिळणारा जो लाभ आपण सांगितला, त्यातला बराचसा इथेच खर्च होतो. या उलट लहान कॅमेऱ्याच्या सपाट पोर्टवर ६७ मिलिमीटरच्या आट्यांचे बाह्य भिंग बसवता येते आणि ते पाण्यातच काढता-घालता येते. एकाच डुबकीत गोगलगायही आणि कासवही.

जुने रीळ

मी निकोनोस ५ वर शिकलो, म्हणजे १९८४ साली आलेल्या त्या कॅमेऱ्यावर ज्याला हाउसिंग लागतच नसे. कॅमेऱ्याचे अंग हेच हाउसिंग होते. फोकस अंदाजाने, रीळ ३६ छायाचित्रांचे, आणि निकाल काही दिवसांनी. ती परंपरा २००१ मध्ये थांबली, त्यामुळे आजचा वाद मला थोडा चैनीचा वाटतो.

तरीही एक विचारतो: प्रकाशाबद्दल अजून कोणीच का बोलले नाही? पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते आणि ५ मीटरच्या आसपास तो जवळजवळ दिसेनासा होतो. त्यात केवळ खोली धरून चालत नाही. ३ मीटर खाली असलेला मासा आपल्यापासून २ मीटरवर असेल तर त्या प्रकाशाने ५ मीटर पाणी कापलेले असते. हरवलेला रंग रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीतून, काही अंशी परत आणता येतो, पूर्ण नाही. त्यासाठी स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा बाह्य फ्लॅश, हवा, तोही भिंगापासून दूर दांडीवर बसवलेला, अन्यथा मधले कण उजळून छायाचित्रात हिमवर्षाव होतो. आता निवडीचा प्रश्न इथे येतो: लहान कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश असतो आणि त्याची चमक प्रकाशतंतूने स्ट्रोबपर्यंत नेता येते, परंतु अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत फ्लॅशच नसल्यामुळे हाउसिंगमध्ये वेगळा ट्रिगर बसवावा लागतो. आणखी एक. मिररलेसमध्ये स्ट्रोबची चमक सहसा १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच्याच शटर वेगाशी जुळते. भिंगातच शटर असलेल्या सोनी आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यात ती १/२००० पर्यंत जुळते आणि वेगवान शटरने जादा प्रकाश अडवता येतो, म्हणून पाण्यावरचा सूर्यगोल पांढरा डाग न होता गोलच दिसतो.

निळी शाई

सूर्यगोलाचा मुद्दा बिनतोड आहे. पण स्ट्रोब पोहोचतो किती? स्वच्छ पाण्यातही दीड-दोन मीटरपलीकडे त्याचा रंग टिकत नाही. बुडालेले जहाज, माशांचा थवा, डोक्यावरून जाणारा मांटा (पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा) हे सारे त्यापलीकडचे असते आणि तिथे नैसर्गिक प्रकाश, मोठा सेन्सर आणि पाण्यातच करून घेतलेला व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगजुळणी) यांवरच भिस्त असते. तळठाव यांनी घुमटाबद्दल लिहिलेले मी मान्य करतो. मात्र त्यावरून लहान कॅमेरा नव्हे, मोठा घुमट घ्यावा असे मी म्हणेन. तो विमानातून नेताना जी कसरत होते तिच्याबद्दल मी इथे मौन पाळतो.

मासोळी

म्हणजे अखेर प्रश्न विषयाचा झाला. मांटासाठी आपला मार्ग, गोगलगायीसाठी माझा. तळठाव, एक व्यावहारिक शंका: जुन्या कॅमेऱ्याचा आग्रह धरला की हाउसिंगही वापरलेलेच मिळणार. त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

तळठाव

ठेवूच नये. माझे एक वापरलेले हाउसिंग २५ मीटरवर कोरडे राहिले आणि डुबकीनंतर गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले असताना गळले. कारण साधे आहे: खोलीवर दाबच ओ-रिंगला खोबणीत घट्ट बसवतो, उथळ पाण्यात ती सैल असते आणि टाकीत इतरांची हाउसिंगे आदळून कळ दाबली गेली की फट पडते. तेव्हापासून मी टाकीत हाउसिंग सोडून जात नाही.

वापरलेले घेतल्यास सर्व ओ-रिंगा नव्या घालाव्यात. मुख्य ओ-रिंग स्वतः बदलता येते, पण कळांच्या आतल्या जाणकाराकडूनच बदलून घ्याव्यात. शक्य असल्यास निर्वात तपासणीची झडप बसवून घ्यावी. आतली थोडी हवा पंपाने काढायची, आत हवा शिरत नसल्याचे सांगणारा झडपेचा हिरवा दिवा अर्धा तास टिकला तरच पाण्यात उतरायचे. पहिली डुबकी कॅमेऱ्याविना करावी. आत कोरडा टिशू पेपर आणि वर तरंगू नये म्हणून कॅमेऱ्याइतके वजन ठेवावे, नेहमीच्या खोलीवर न्यावे, तिथे प्रत्येक कळ आठ-दहा वेळा दाबावी आणि वर आल्यावर हाउसिंग बाहेरून पुसून काच खाली करून उघडावे. टिशूवर ओलसर डाग दिसला तर तो कोणत्या कळीखाली आहे ते आधी टिपून ठेवावे, कारण टिशू वाळला की पुरावा जातो.